दुसरा गिअर सुटतो म्हणजे गिअरबॉक्स संपला असं नाही

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. काकांची १९७२ ची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे, मूळ पेट्रोल इंजिनाची. दापोलीजवळ घराच्या पडवीत सहा वर्षं उभी होती. त्याआधी काका पुळणीवरून होडी वर ओढायला ती वापरायचे, त्यामुळे खाऱ्या पाण्यात चाकं बुडण्याची तिला सवय होती. आता इंजिन सुरू झालंय, पण उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की दुसरा गिअर सुटून दांडी न्यूट्रलला येते. पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये रडल्यासारखा आवाज येतो. तेल काढलं तर ताकासारखं निघालं. मिस्त्री म्हणतो, हे काढून टाका आणि चार गिअरचा बॉक्स बसवा. तुमचा प्रश्न आहे की अख्खा टी-९०, म्हणजे या जीपचा मूळ तीन गिअरचा बॉक्स, कुठे मिळेल, आणि नाही मिळाला तर जुना उघडण्यात काही अर्थ आहे का.

अख्खा बॉक्स मिळतो. कुर्ल्याच्या भंगारात मिळेल, पुण्यात नाना पेठेत चौकशी केलीत तर कुणीतरी काढून देईल. पण तो कुणाच्या तरी गाडीतून निघालेलाच असेल, आणि बहुतेक वेळा याच तक्रारीवरून निघालेला असेल. मग तोही उघडावा लागणार. म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो. तुमच्या बॉक्समध्ये नेमकं काय झिजलंय, आणि ते उघडण्याआधी कितपत कळू शकतं?

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. जीपच्या कामात पस्तीसएक वर्षं गेली. पहिली बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आणि गिअरबॉक्स उघडायची घाई करू नये हे तेव्हाच शिकलो. एक गाडी आमच्याकडे आली होती. त्याआधी दुसरीकडे तिचा बॉक्स दोनदा उघडून झाला होता आणि दोन्ही वेळा सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) बदलल्या होत्या. तरी दुसरा गिअर सुटायचाच. आम्ही खाली झोपून बघितलं तर बेल हाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्स यांना जोडणाऱ्या क्लचवरच्या ओतीव कवचाचे) दोन बोल्ट हातानं फिरत होते, आणि क्रँकच्या टोकातला क्लच शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या शाफ्टचा, बुश अंडाकृती झाला होता. शाफ्ट इंजिनाच्या रेषेत बसत नसेल तर तो फिरताना डोलतो, आणि डोलणारा शाफ्ट गिअरला दर फेरीला थोडंथोडं बाहेर ढकलतो. त्या बॉक्समध्ये दोष नव्हताच.

म्हणून पहिलं काम फुकटचं. बॉक्सचे सगळे बोल्ट, मागच्या क्रॉसमेंबरवरचं रबर आणि इंजिनाचे माउंटिंग तपासा. रबर फाटलं असेल तर उतारावर इंजिन आणि बॉक्स पुढे झुकतात, दांडी जाग्यावरून हलते आणि गिअर पूर्ण बसत नाही. हे ठीक असेल तरच पुढे जा.

दुसरं काम आवाज ऐकण्याचं. त्यासाठी बॉक्समधून ताकद कुठल्या वाटेनं जाते ते समजून घ्या. टी-९० ला पुढचे तीन गिअर. तिसरा थेट असतो, म्हणजे क्लच शाफ्टची ताकद सरळ मेन शाफ्टला, बॉक्समधून मागे निघणाऱ्या शाफ्टला, मिळते. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स या तिघांत मात्र ती खाली काउंटर गिअरवर उतरते आणि परत वर चढते. काउंटर गिअर म्हणजे एकाच तुकड्यातले चार गिअर, तळाला आडवे बसलेले. तेव्हा तिसऱ्यात गाडी शांत आणि पहिल्या-दुसऱ्यात आवाज असेल, तर बोट काउंटर गिअरकडे जातं. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर आणि क्लच दाबला की बंद, असं असेल तर क्लच शाफ्टचं बेरिंग किंवा काउंटरचे रोलर. सगळ्याच गिअरमध्ये, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी गुणगुण असेल तर ती बहुधा मागच्या ट्रान्सफर केसची, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या बॉक्सचे पहिला आणि रिव्हर्स गिअर सरळ दात्यांचे आहेत, त्यामुळे ते नवे असतानाही थोडे रडायचेच. ट्रान्सफर केसही अशी की हाय रेंजमध्येसुद्धा ताकद मधल्या गिअरवरूनच खाली जाते, त्यामुळे तीही जन्मापासून गुणगुणते. आजच्या गाडीच्या कानानं जुनी जीप ऐकली तर सगळंच बिघडलेलं वाटतं. काका गाडी चालवायचे तेव्हाचा आवाज आठवणारं घरात कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारा.

आता तेल. ताकासारखं म्हणजे पाणी मिसळलंय, यात शंका नाही. पाणी शिरतं कसं? तापलेला बॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. दांडीचं बूट फाटलेलं असलं किंवा सील वाळलेलं असलं की झालंच. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं जीपचीच पाण्यावर चालणारी बहीण बनवली होती, जीपीए. १९४२ आणि १९४३ मध्ये मिळून १२,७०० च्या वर गाड्या झाल्या. पाण्यात तिला पुढे ढकलणाऱ्या पंख्याला ताकद ट्रान्सफर केसवरूनच मिळायची. पण तिचा गिअरबॉक्स लोखंडी नावेच्या आत कोरडा बसलेला असायचा. काकांची गाडी नाव नव्हती, तिचा बॉक्स उघड्यावर होता.

पाण्यात गाडी चालवल्यानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं नंतर ती उभी राहिल्यानं होतं. चालती असेपर्यंत तेल-पाणी घुसळत राहतं आणि सगळ्या भागांवर थर टिकतो. उभी राहिली की पाणी तळाला बसतं. तळाला काय आहे? काउंटर गिअर आणि त्याचे बारीक रोलर. सहा वर्षांत, त्यातही खाऱ्या पाण्यात, त्यांना गंज चढतो आणि शाफ्टवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. तुमची लक्षणं ऐकून माझा अंदाज तिथलाच आहे. अंदाजच म्हणतोय.

उरलेलं तेल काढताना गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा आणि सकाळी प्लग अगदी हळू सोडा. आधी पाणी येईल, मग तेल. ते पांढऱ्या थाळीत घ्या. लोहचुंबक फिरवा. जो चुरा चिकटत नाही आणि सोन्यासारखा चमकतो तो पितळेचा, म्हणजे सिंक्रो रिंगा किंवा थ्रस्ट वॉशर (गिअरला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या). राखाडी चिकटणारी पेस्ट सगळ्याच जुन्या बॉक्समध्ये निघते, तिला घाबरू नका. हाताला तुकडा किंवा कपची लागली तर मात्र गाडी सुरूही करू नका. दात्याचा किंवा रोलरचा तुकडा दोन गिअरांच्या मध्ये सापडला की पन्नास वर्षं टिकलेली केस एका क्षणात फुटते.

बॉक्स उतरवायचा ठरला तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीनंच खाली घ्या. एकट्यानं नको, वजन बरंच आहे आणि ते एका बाजूला कलतं. खाली आल्यावर दोन्ही वेगळे करताना नवखा माणूस हमखास फसतो. ट्रान्सफर केसचं मागचं गोल झाकण काढलं की मेन शाफ्टच्या टोकावर कॅसल नट आणि स्प्लिट पिन दिसते. नट सोडून तिथला गिअर काढायचा. मग केस मागे ओढायची. पण मेन शाफ्टचं बेरिंग केसमध्ये घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे केसबरोबर शाफ्टही मागे सरकतो आणि पुढच्या टोकातले बारीक रोलर बॉक्समध्ये सांडतात. उपाय जुना आहे, जीपच्या मूळ पुस्तकातही दिलेला. वरचा दांडीचा टॉवर काढला की दुसऱ्या गिअरच्या मागून मेन शाफ्टभोवती तारेचा फास टाकायचा, तो पुढे ओढून टॉवरच्या बोल्टला पिळून बांधायचा. शाफ्ट जागेवर राहतो, केस सुटते. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्यामुळे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ रोलर शोधत बसलोय.

उघडल्यावर काहीही काढण्याआधी मोजा. हे मी प्रत्येक पोराला सांगतो आणि प्रत्येक पोरगा आधी काढतो, मग मोजायला बसतो. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि काउंटर गिअर पुढे-मागे किती सरकतो ते बघा. आम्ही लेथवाले हजारांश इंचाला थाउ म्हणतो. हा प्ले १२ ते १८ थाउ असायला हवा. चाळीस-पन्नास थाउ निघाला तर दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर खाल्ले गेलेत. तसंच मेन शाफ्टवरचा दुसरा गिअर किती सरकतो ते बघा.

दुसराच गिअर का सुटतो याचं कारण इथे आहे. दुसऱ्या गिअरचे दाते तिरके आहेत. तिरक्या दात्यांवर जोर आला की गिअर फक्त फिरत नाही, एका बाजूला ढकललाही जातो. चढावर इंजिन चाकांना ओढतं तेव्हा हा धक्का एका दिशेला. उतारावर पाय उचलला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि धक्का उलटा होतो. आतले वॉशर चांगले असतील तर गिअरला सरकायला जागाच नसते. प्ले वाढला असेल तर तो दर वेळी मागे-पुढे आपटतो, गिअरला शाफ्टशी जोडणारा सरकता स्लीव्ह ज्या टोकदार दात्यांवर बसतो त्यांची टोकं गोल होत जातात, आणि एक दिवस स्लीव्ह घसरून बाहेर येतो. म्हणजे दाते झिजले हे दिसतं, पण ते झिजायला कारण वॉशर. नुसता स्लीव्ह बदललात आणि वॉशर जुनेच ठेवलेत तर वर्षभरात परत याच जागी याल.

काउंटर शाफ्ट आणि रिव्हर्सचा छोटा शाफ्ट मागच्या बाजूनं एका लॉक प्लेटमध्ये अडकवलेले असतात. प्लेट काढून काउंटर शाफ्ट पुढून ठोकून मागे काढायचा. नुसता ठोकला तर आतले रोलर विखुरतात, म्हणून डमी शाफ्ट वापरायचा. काउंटर गिअरच्याच लांबीचा, मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक असा सळईचा किंवा सागाच्या लाकडाचा तुकडा लेथवर करून घ्या. मूळ शाफ्ट बाहेर जाईल तसतसा डमी आत जातो आणि गिअर रोलरांसकट तळाला उतरतो. मग वरचे शाफ्ट काढायला वाट मोकळी.

या गिअरमध्ये रोलर ४४ असतात, दोन्ही टोकांना २२-२२. मोजून घ्या. कमी निघाले तर आधी कुणीतरी हात घातलाय हे समजा. जुने आणि नवे रोलर कधीच मिसळू नका. नवे रोलर केसभर जाड असतात, मग सगळा भार त्या चार-पाचांवर येतो आणि ते शाफ्टला खातात. अख्खा संच एकाच पुडीतला घ्या आणि पुडीतलेही पाच-सहा मायक्रोमीटरनं मोजा. हे थट्टेनं सांगत नाही. एकाच पुडीत दोन मापं मला सापडली आहेत.

शाफ्टवर बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बाद. इथे कोणीतरी तुम्हाला सांगेल की लेथवर शंभर-दोनशे रुपयांच्या लोखंडात नवा करून देतो. आमच्या उद्यमनगरात असे हुशार कारागीर पुष्कळ आहेत, माप ते चोख काढतील. पण हा शाफ्ट नुसता मापात असून भागत नाही, वरून कडक केलेला लागतो, कारण रोलर थेट त्याच्यावर धावतात. बारीक कानस हलकेच फिरवून बघा. घसरली तर कडक, चावली तर मऊ. मऊ शाफ्ट एका पावसाळ्यात पुन्हा खड्ड्यांनी भरतो.

नवा शाफ्ट केसच्या भोकात हलक्या ठोक्यानं बसला पाहिजे. बोटानं आत गेला तर भोक मोठं झालंय, आणि पुढच्या टोकातून तेल क्लचवर ठिबकणार. अशा केसला बुश मारता येतो, पण वरच्या आणि खालच्या शाफ्टमधलं अंतर कायम राखणाऱ्या माणसाकडूनच. ते अंतर बिघडलं तर तो बॉक्स कधीच शांत होणार नाही. त्यापेक्षा भंगारातून चांगली केस आणून तुमचे भाग तिच्यात भरलेले बरे. तुम्हाला अख्खा बॉक्स विकत घ्यायचाच असेल तर त्याचा खरा उपयोग हा आहे.

सिंक्रो रिंगांचं थोडक्यात. रिंग तिच्या कोनावर ठेवून दाबा आणि फिरवा. चावली तर चांगली. सहज घसरली, किंवा रिंग आणि गिअर यांच्यातली फट जवळजवळ संपली, तर बदला. स्लीव्ह आणि तो ज्याच्यावर सरकतो तो हब मात्र जोडीनं ठेवायचे, काढण्याआधी दोघांवर पंचनं खूण करायची. एकाचा स्लीव्ह दुसऱ्याच्या हबवर चढवला तर तो बसतो, पण नीट सरकत नाही.

टॉवर उलटा करून त्यातल्या स्प्रिंगा आणि छऱ्याही बघा. दांडीला प्रत्येक गिअरमध्ये जागेवर धरून ठेवणारं हेच. रेल (फोर्क ज्याच्यावर बसतो ती सळई) काढताना वर फडकं धरा, नाहीतर छरा उडून कुठेतरी जातो आणि मग दिवसभर झाडू मारा. स्प्रिंगा स्वस्त असतात, बदलूनच टाका. स्लीव्हला सरकवणाऱ्या फोर्कची टोकं झिजली असतील किंवा फोर्क वाकला असेल तर स्लीव्ह अर्धवटच बसतो. संशय असेल तर दात्यांवर पातळ रंग लावा, गिअर टाका, फिरवा आणि काढून बघा. रंग दात्याच्या किती लांबीवरून गेलाय ते लगेच दिसतं.

तर इथपर्यंतचा क्रम असा: बाहेरचे बोल्ट आणि रबर, मग आवाज, मग तेल, मग उघडून मोजमाप, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. तुमच्या गाडीत माझ्या अंदाजानं काउंटर शाफ्ट, रोलर, थ्रस्ट वॉशर, स्प्रिंगा आणि सगळी सीलं-पॅकिंगं एवढं नक्की लागेल. सिंक्रो रिंगा बहुधा लागतील. गिअर स्वतः बदलावा लागतो असं मी क्वचितच बघितलंय, मात्र काउंटर गिअरचे दाते गंजून सोललेले निघाले तर तो खर्च मोठा आहे. काउंटरचा प्ले मागच्या स्टीलच्या वॉशरच्या जाडीनं जुळवायचा असतो, म्हणून दोन-तीन जाडीचे आणून ठेवा आणि १२ ते १८ थाउत येईल तो वापरा. पुडीत आलाय म्हणून तोच बसवायचा, असं करू नका.

ट्रान्सफर केस खाली आलीच आहे तर मधला शाफ्ट काढून बघा. या केसचं सगळ्यात जास्त झिजणारं ठिकाण तेच, आणि पाणी तिथेही गेलेलं असणार. नवा आणताना जुना बरोबर न्या. वेगवेगळ्या काळात हा शाफ्ट पाऊण इंच, एक इंच एक सूत आणि सव्वा इंच अशा तीन मापांत आलेला आहे, आणि आपल्याकडच्या जीपांमध्ये कुठल्या केसमध्ये काय घातलंय ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा प्ले शिमनं (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ४ ते ८ थाउ ठेवा. मागचं सील बदलाच, कारण हँडब्रेकचा ड्रम तिथेच मागे बसतो. सील गळलं की ब्रेकचे लायनर तेलात भिजतात आणि दापोलीच्या चढावर गाडी उभी राहत नाही.

तेल एसएई ९०, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ देईल आणि म्हणेल की हे त्याच्याहून भारी. ते मागच्या-पुढच्या डिफरन्शियलसाठी ठीक आहे. गिअरबॉक्समध्ये पितळ आहे आणि सिंक्रोला जरा घर्षण लागतं, म्हणून इथे जीएल-४ च. बॉक्समध्ये सव्वा लिटरच्या आसपास, ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटर. दोन्ही स्वतंत्र भरा आणि दोन्ही स्वतंत्र तपासा. बऱ्याच गाड्यांत तेल एका डब्यातून दुसऱ्यात सरकतं, एक भरून वाहतो आणि दुसरा कोरडा पडतो. पहिलं तेल तीनशे किलोमीटरवर काढून टाका.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याबद्दल. ते चुकीचं सांगतायत असं मी म्हणणार नाही. गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं असतं, किंवा रोज माल ओढायचा असता, तर मीही चार गिअरचाच विचार केला असता. डिझेलचे धक्के या बॉक्सला मानवत नाहीत हे मी अनेकदा बघितलंय. पण चार गिअरचा बॉक्स बसवायचा म्हणजे लांबी बदलते, प्रोपेलर शाफ्ट कापावे लागतात, फ्लोअर कापावा लागतो, आणि मग ती काकांची गाडी उरत नाही. मूळ पेट्रोल इंजिन आहे, गाडी सुट्टीत आणि गावात फिरवायची आहे, तर टी-९० तुमच्या हयातीत पुन्हा उघडावा लागू नये. अट एकच, पुळणीवर पाण्यात न्यायची नाही. नेलीच, तर त्याच आठवड्यात तेल काढून बघायचं.

तेल काढल्यावर थाळीचा फोटो टाका, आणि उघडलंत तर काउंटर गिअरचा प्ले किती थाउ निघाला तो आकडा लिहा. केसवर ओतीव अक्षरांत जो नंबर आहे तोही लिहा. मधल्या काळात कुणी दुसराच बॉक्स बसवला असेल तर वरचं निम्मं उत्तर मला नव्यानं लिहावं लागेल.